औषधयुक्त मच्छरदाणी : परिणामकारकता कशी तपासतात आणि आपण काय तपासावे

मुंबई उपनगर म्हटले की इमारती, कारखाने व लोकलगाड्या डोळ्यांसमोर येतात. परंतु या जिल्ह्यात आजही दुभती जनावरे आहेत, भाजीपाल्याच्या वाड्या आहेत आणि त्यावर पोट असलेली माणसे आहेत. १९४९ साली स्थापन झालेल्या आरे दुग्धवसाहतीतील म्हशींचे तबेले, अंधेरी-जोगेश्वरी भागातील तबेले, बोरिवलीच्या पश्चिमेस खाडीपलीकडील गोराई-मनोरी येथील वाड्या, तसेच आरे व संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातील आदिवासी पाडे ही त्याची उदाहरणे होत. या ठिकाणी राहणारी व काम करणारी माणसे उघड्यावर, माळ्यावर किंवा जनावरांच्या शेजारी झोपतात. डासांचा उपद्रव त्यांनाच सर्वांत जास्त होतो. पावसाळ्यात धार काढणारा एक गडी हिवतापाने अंथरुणास खिळला, तर त्याची मजुरी बुडतेच, शिवाय म्हशींची धारही वेळेवर निघत नाही.

डासांपासून संरक्षणासाठी औषधयुक्त मच्छरदाणी हा सोपा व खात्रीचा उपाय मानला जातो. मात्र बियाणे किंवा कीटकनाशक घेताना आपण जसे 'हे खरोखर लागू पडते का' असे विचारतो, तसेच मच्छरदाणीबाबतही विचारले पाहिजे. तिची परिणामकारकता शास्त्रज्ञ कशी मोजतात, त्या मोजणीतून काय कळते आणि त्यातील कोणती तपासणी आपल्याला घरी किंवा तबेल्यात करता येते, याची माहिती या लेखात दिली आहे.

उपनगरातील डास व त्यांच्या वेळा

कोणत्याही किडीचा बंदोबस्त करण्यापूर्वी तिची सवय माहीत असावी लागते. मुंबईत हिवताप पसरविणारा डास म्हणजे ॲनॉफिलीस स्टिफेन्सी. हा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. विहिरी, गच्चीवरील टाक्या, जमिनीखालील हौद, बांधकामावरील साठे ही त्याची आवडती ठिकाणे. ही गोष्ट नवीन नाही. डॉ. चार्ल्स बेंटली यांनी १९११ साली मुंबईतील हिवतापाच्या कारणांचा जो अहवाल दिला, त्यात शहरातील विहिरींकडे बोट दाखविले होते. गॉर्डन कोव्हेल यांनी १९२८ साली पुन्हा याच प्रश्नाचा अभ्यास केला. विहिरी कमी झाल्या, तरी त्यांची जागा टाक्यांनी घेतली आणि डास टिकून राहिला. हा डास रात्री चावतो व माणसाप्रमाणेच जनावरांचेही रक्त पितो.

दुसरा डास एडिस इजिप्ती. याच्या अंगावर पांढरे पट्टे असतात. तो पिंप, टायर, कुंडीखालची ताटली, करवंटी अशा थोड्याशा पाण्यातही वाढतो. तो दिवसा चावतो व डेंग्यू पसरवितो. तिसरा क्युलेक्स हा गटारे व घाण पाण्यात वाढतो. तबेल्याच्या नाल्यांतून उठणारे ढग बहुधा याचेच असतात. रात्री झोपमोड करणारा हाच, परंतु हिवताप मात्र तो पसरवीत नाही. म्हणून 'डास कमी झाले' आणि 'हिवताप कमी झाला' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

औषधयुक्त मच्छरदाणी म्हणजे काय

साधी मच्छरदाणी ही केवळ भिंत असते. तिला भोक पडले किंवा झोपेत हात कापडाला टेकला, की डास चावतो. औषधयुक्त मच्छरदाणीच्या धाग्यावर किंवा धाग्यामध्ये डेल्टामेथ्रिन, अल्फासायपरमेथ्रिन किंवा परमेथ्रिन यांसारखे सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशक असते. कापडावर बसलेला डास काही मिनिटांत उताणा पडतो व पुढे मरतो. पुष्कळसे डास न चावताच दूर जातात.

पूर्वी साध्या मच्छरदाण्या औषधाच्या पाण्यात बुडवून वाळवीत असत. आपल्या देशात यासाठी डेल्टामेथ्रिनचे प्रमाण दर चौरस मीटर कापडास २५ मिलिग्रॅम असे ठरविलेले होते. परंतु असे औषध काही धुण्यांत निघून जाई व मच्छरदाणी पुन्हा पुन्हा बुडवावी लागे. गावोगाव हे काम वेळेवर होत नसे. म्हणून पुढे कारखान्यातच धाग्यात औषध मिसळलेली किंवा धाग्यावर पक्के बसविलेली 'दीर्घकाळ टिकणारी मच्छरदाणी' आली. गडचिरोलीसारख्या हिवतापग्रस्त जिल्ह्यात शासनाने वाटलेल्या मच्छरदाण्या याच प्रकारच्या आहेत. २० वेळा धुतल्यानंतरही व सुमारे तीन वर्षांच्या वापरानंतरही तिचा परिणाम टिकावा, अशी अपेक्षा असते. ती पूर्ण होते किंवा नाही हे पाहण्यासाठीच चाचण्या घेतात.

प्रयोगशाळेतील चाचणी

जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी पद्धती ठरवून दिल्या आहेत. आपल्याकडे दिल्ली येथील राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्था व पुदुच्चेरी येथील रोगवाहक कीटक नियंत्रण संशोधन केंद्र या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या संस्थांत असे काम चालते. मुख्य चाचण्या पुढीलप्रमाणे आहेत.

१) शंकू चाचणी : मच्छरदाणीच्या छताचे व चारही बाजूंचे तुकडे कापून घेतात. तुकड्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा शंकू बसवून त्यात दोन ते पाच दिवस वयाच्या, रक्त न प्यालेल्या पाच माद्या सोडतात. (रक्त फक्त मादी पिते, नर नाही.) तीन मिनिटे त्यांचा कापडाशी संपर्क येऊ देतात. नंतर त्यांना स्वच्छ पेल्यात साखरेच्या पाण्यावर ठेवतात. ६० मिनिटांनी किती उताण्या पडल्या व २४ तासांनी किती मेल्या, हे मोजतात. खोलीचे तापमान सुमारे २७ अंश सेल्सिअस व हवा दमट ठेवतात. ६० मिनिटांनी ९५ टक्के डास उताणे किंवा २४ तासांनी ८० टक्के डास मृत, यांपैकी एक कसोटी पार पडली तर तुकडा उत्तीर्ण समजतात.

२) धुण्याची चाचणी : ठरावीक साबण, ठरावीक पाणी व ठरावीक वेळ हलविणे अशा रीतीने तुकडे २० वेळा धुतात आणि पुन्हा शंकू चाचणी घेतात. धुतल्यावर पृष्ठभागावरील औषध जाते व धाग्याच्या आतील औषध हळूहळू वर येते. याला किती दिवस लागतात हे प्रत्येक उत्पादनासाठी आधी ठरवितात, म्हणजे दोन धुण्यांमधील अंतर बरोबर ठेवता येते. सोबतच कापडात औषध किती उरले याचे रासायनिक पृथक्करणही करतात.

३) बोगदा चाचणी : शंकू चाचणीत नापास झालेल्या तुकड्याला आणखी एक संधी देतात, कारण काही औषधे डासाला मारण्यापेक्षा चावण्यापासून जास्त परावृत्त करतात. काचेच्या ६० सेंटिमीटर लांबीच्या बोगद्यात मध्ये कापड लावतात. त्या कापडाला मुद्दाम एक सेंटिमीटर व्यासाची नऊ भोके पाडलेली असतात. पलीकडे गिनिपिग किंवा ससा ठेवतात व अलीकडे संध्याकाळी १०० डास सोडतात. सकाळी किती मेले व किती रक्त पिऊ शकले, हे मोजतात. ८० टक्के मृत्यू किंवा रक्त पिण्यात ९० टक्के घट आढळली तर कापड उत्तीर्ण होते.

नियंत्रण गट का हवा?

शेतकरी बंधूंना पीक प्रात्यक्षिकातील 'अनुपचारित' वाफा परिचित आहेच. औषध फवारलेल्या वाफ्यातील कीड कमी झाली, परंतु न फवारलेल्या वाफ्यातीलही पावसाने कमी झाली असेल, तर श्रेय सगळे औषधाला देता येत नाही. डासांच्या चाचणीतही हेच तत्त्व आहे. औषध नसलेल्या कापडावरही तेवढेच डास ठेवतात. त्यातील काही डास हाताळणीमुळे किंवा उष्णतेमुळे आपोआप मरतात. त्यांचा हिशेब वजा करण्यासाठी ॲबटचे सूत्र वापरतात. डब्ल्यू. एस. ॲबट यांनी हे सूत्र १९२५ साली मांडले व पिकांवरील कीटकनाशकांच्या प्रयोगांतही ते आजतागायत वापरले जाते.

सूत्र असे आहे : उपचारित गटातील मृत्यूच्या टक्केवारीतून नियंत्रण गटातील टक्केवारी वजा करावी. येणाऱ्या संख्येस, १०० मधून नियंत्रण गटातील टक्केवारी वजा करून उरलेल्या संख्येने भागावे व १०० ने गुणावे.

उदाहरणार्थ, समजा औषधयुक्त कापडावरील ५० पैकी ४६ डास मेले, म्हणजे ९२ टक्के. साध्या कापडावरील ५० पैकी ४ मेले, म्हणजे ८ टक्के. तर ९२ वजा ८ बरोबर ८४. १०० वजा ८ बरोबर ९२. ८४ भागिले ९२ गुणिले १०० बरोबर ९१.३ टक्के. औषधाचा खरा परिणाम ९१.३ टक्के धरावयाचा. साध्या कापडावरीलच डास फार मेले, तर सूत्र न लावता संपूर्ण चाचणी रद्द करून पुन्हा घेतात.

झोपडी व गावपातळीवरील चाचणी

प्रयोगशाळेत उत्तीर्ण होणे म्हणजे विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर वाणाने चांगले उत्पन्न देण्यासारखे आहे. शेतकऱ्याच्या शेतात तेच उत्पन्न येईल असे नाही. म्हणून पुढे आणखी दोन टप्पे ठेवले आहेत.

दुसऱ्या टप्प्यात प्रायोगिक झोपड्या बांधतात. डास आत येऊ शकतील, पण पकडले जातील अशी त्यांची रचना असते. झोपणाऱ्या माणसाच्या मच्छरदाणीला मुद्दाम चार सेंटिमीटर लांब व तितकीच रुंद अशी सहा भोके पाडतात. रोज सकाळी झोपडीत किती डास आले, किती बाहेर पडले, किती रक्त पिऊ शकले व किती मेले यांची नोंद घेतात. फाटलेल्या साध्या मच्छरदाणीत आत शिरलेला डास रात्रभर पोटभर चावतो. औषधयुक्त मच्छरदाणी मात्र थोडी फाटली तरी बराच बचाव करते. दोहोंतील फरक येथे स्पष्ट दिसतो.

तिसऱ्या टप्प्यात मच्छरदाण्या गावांतील घरोघर देऊन तीन वर्षे पाहणी करतात. दर ठरावीक काळाने काही मच्छरदाण्या परत घेऊन तपासतात व त्यांच्या जागी नव्या देतात. तीन वर्षांच्या शेवटी तपासलेल्यांपैकी निदान ८० टक्के मच्छरदाण्या कसोटीस उतरल्या पाहिजेत.

याशिवाय रोग खरोखर कमी होतो का, हे पाहण्यासाठी मोठे प्रयोग झाले. मुंबईपासून फार दूर नसलेल्या सुरत जिल्ह्यात १९९० च्या दशकात डेल्टामेथ्रिनच्या मच्छरदाण्या व घरात भिंतींवर डेल्टामेथ्रिनची फवारणी यांची तुलना गावांचे गट पाडून करण्यात आली. येथे एक घर हा एकक न धरता संपूर्ण गाव धरले होते. कारण एका घरातील मच्छरदाणीवर मेलेला डास शेजारच्या घरातही चावणार नसतो. त्याच दशकात गांबिया, केनिया, घाना व बुर्किना फासो या आफ्रिकी देशांत असे प्रयोग झाले. सर्व प्रयोगांचा एकत्र हिशेब केला असता, औषधयुक्त मच्छरदाणीमुळे लहान मुलांचे एकूण मृत्यू सुमारे १७ टक्क्यांनी कमी होतात, असे आढळून आले. मच्छरदाणीच्या बाजूने याहून बळकट पुरावा नाही.

डासांची प्रतिकारशक्ती

बोंडअळी किंवा कोबीवरील चौकोनी ठिपक्यांचा पतंग एकाच गटातील औषध सतत मारल्याने दाद देईनासा होतो, हे आपण अनुभवले आहे. डासांचेही तसेच आहे. डीडीटीला देशाच्या अनेक भागांतील डास आता दाद देत नाहीत. मच्छरदाणीतील पायरेथ्रॉइडबाबत हे कळावे म्हणून स्थानिक डास पकडून औषध लावलेल्या कागदावर एक तास ठेवतात व २४ तासांनी मोजतात. ९८ ते १०० टक्के मेले तर डास संवेदनशील, ९० टक्क्यांपेक्षा कमी मेले तर प्रतिकारक्षम, आणि मधले संशयास्पद समजतात.

येथे तबेलेवाल्या बंधूंनी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. जनावरांच्या गोचिडांवर आपण जे डेल्टामेथ्रिन वापरतो, भाजीवर जे सायपरमेथ्रिन फवारतो आणि घरात डासांसाठी जी वडी किंवा द्रव जाळतो, ती सर्व एकाच पायरेथ्रॉइड कुटुंबातील आहेत. गरज नसताना व अंदाजाने मात्रा घेऊन ती वापरल्यास, शेजारच्या टाकीत वाढणारा डासही त्याच औषधाला सरावतो. त्यामुळे मच्छरदाणीची धार बोथट होते.

यावर उपाय म्हणून पायरेथ्रॉइडसोबत पिपरोनिल ब्युटॉक्साइड किंवा क्लोरफेनापिर असलेल्या मच्छरदाण्या निघाल्या आहेत. क्लोरफेनापिर हे कोबीवरील पतंगाच्या अळीसाठी व मिरचीवरील कोळ्यासाठी वापरले जाणारे औषध होय. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली, जेथे डास पायरेथ्रॉइडला दाद देत नाहीत तेथे, अशा मच्छरदाण्यांची शिफारस केली. क्लोरफेनापिर हळू काम करते, म्हणून त्याची मोजणी ७२ तासांनी करतात.

आपण काय तपासावे?

मच्छरदाणी यशस्वी होण्यासाठी तीन गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात : कापडात औषध असणे, कापड धड असणे आणि डास चावण्याच्या वेळी माणूस आत असणे. पहिली गोष्ट प्रयोगशाळाच तपासू शकते. वास आला नाही किंवा सकाळी मेलेले डास दिसले नाहीत, एवढ्यावरून औषध संपले असे ठरवू नये. मेलेले डास मुंग्या उचलून नेतात, काही डास बाहेर जाऊन मरतात. परंतु दुसऱ्या व तिसऱ्या गोष्टीची तपासणी कोणासही बिनखर्चात करता येते.

अ) भोकांची मोजणी

महिन्यातून एकदा मच्छरदाणी उजेडात पसरून भोके मोजावीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत भोकांचे चार आकार व त्यांचे गुण ठरलेले आहेत.

• अंगठा जाईल एवढे (अर्धा ते २ सें.मी.) : प्रत्येकी १ गुण
• मूठ जाईल एवढे (२ ते १० सें.मी.) : प्रत्येकी २३ गुण
• डोके जाईल एवढे (१० ते २५ सें.मी.) : प्रत्येकी १९६ गुण
• डोक्याहून मोठे (२५ सें.मी. पेक्षा जास्त) : प्रत्येकी ५७६ गुण

सर्व गुणांची बेरीज करावी. बेरीज ६४ पर्यंत असेल तर मच्छरदाणी चांगली. ६५ ते ६४२ असेल तर फाटलेली, पण शिवून वापरण्याजोगी. त्याहून जास्त असेल तर बदलावी. उदाहरणार्थ, अंगठ्याएवढी ६ व मुठीएवढी २ भोके असल्यास ६ अधिक ४६ बरोबर ५२, म्हणजे चांगली. डोक्याएवढे १ व मुठीएवढी ३ असल्यास १९६ अधिक ६९ बरोबर २६५, म्हणजे लगेच शिवावी. डोक्याहून मोठे १ व मुठीएवढी ३ असल्यास ५७६ अधिक ६९ बरोबर ६४५, म्हणजे बदलावी. तबेल्यात खिळे, गवताच्या पेंढ्या, उंदीर व चुलीच्या ठिणग्या यांमुळे खालचा भाग लवकर फाटतो. तो आधी पाहावा.

आ) वापराची मोजणी

दोन माणसांमागे एक मच्छरदाणी हे सर्वमान्य प्रमाण आहे. बारा गड्यांच्या तबेल्यास सहा मच्छरदाण्या लागतील. परंतु सहा मच्छरदाण्या असणे व बारा माणसे त्यांत झोपणे यांत फार अंतर असते. आठवड्यातून एकदा, सर्व झोपल्यावर एक फेरी मारून पुढील नोंद वहीत करावी : झोपलेली माणसे किती, टांगलेल्या मच्छरदाण्या किती, आत झोपलेली माणसे किती, कडा गादीखाली खोचलेल्या किती.

तबेल्याचे वेळापत्रक येथे महत्त्वाचे ठरते. पहिली धार मध्यरात्रीनंतर, पहाट होण्याआधी काढतात. गडी संध्याकाळी लवकर झोपतात, मधल्या प्रहरी उठतात आणि सकाळचे काम आटोपल्यावर किंवा दुपारी पुन्हा आडवे होतात. रात्री हिवतापाचा डास व दिवसा डेंग्यूचा डास, असे दोघेही त्यांच्या वाट्याला येतात. म्हणून मच्छरदाणी सकाळी गुंडाळून ठेवण्याऐवजी दिवसाच्या झोपेतही वापरावी. धार काढण्याच्या वेळी माणूस मच्छरदाणीबाहेर असतो. त्या वेळी पूर्ण बाह्यांचा सदरा व पायघोळ विजार घालावी.

इ) एकूण हिशेब

समजा, १० पैकी ९ मच्छरदाण्यांत पुरेसे औषध आहे, १० पैकी ८ धड आहेत, आणि १० पैकी ५ माणसेच त्यांत झोपतात. ढोबळ मानाने संरक्षण ०.९ गुणिले ०.८ गुणिले ०.५ म्हणजे ०.३६ एवढेच. शंभरांतील फक्त ३६ माणसांना पुरा लाभ मिळाला. येथे औषध आणखी तीव्र करून फारसा फरक पडणार नाही. तेच १० पैकी ९ माणसे आत झोपू लागली, तर हा आकडा ६५ वर जातो. बहुतेक ठिकाणी खरी तूट वापरातच असते व ती भरून काढण्यास पैसा लागत नाही.

तुलना करून पाहण्याच्या हौसेने कोणालाही मच्छरदाणीविना झोपवू नये. अनुपचारित वाफा पिकाचा ठेवता येतो, माणसाचा नाही.

मच्छरदाणीची निगा

१. नवी मच्छरदाणी पिशवीतून काढून एक दिवस सावलीत टांगावी, मग वापरावी. हाताळल्यावर हात धुवावेत. सुरुवातीस त्वचेवर थोडी चुणचुण झाल्यास घाबरू नये, ती लवकर थांबते.

२. मळल्याशिवाय धुऊ नये. धुताना थंड पाणी व सौम्य साबण वापरावा. दगडावर आपटू नये, घासू नये. ब्लिचिंग पावडर वापरू नये.

३. सावलीत वाळवावी. कडक उन्हात औषधाचा ऱ्हास होतो.

४. प्रत्येक धुण्याची तारीख मच्छरदाणीच्या वरच्या पट्टीवर किंवा वहीत लिहून ठेवावी. २० खुणा झाल्या किंवा तीन वर्षे झाली, की बदलण्याची तयारी करावी.

५. धुण्याचे पाणी विहिरीत, तळ्यात, ओढ्यात किंवा खाडीत सोडू नये. पायरेथ्रॉइड औषधे माशांना अत्यंत विषारी आहेत. डासांच्या अळ्या खाण्यासाठी विहिरीत सोडलेले गप्पी मासे त्यामुळे मरतील. जमिनीत खड्डा करून त्यात ते पाणी ओतावे.

हे कदापि करू नये

औषध संपले या समजुतीने मच्छरदाणी शेतीच्या किंवा जनावरांच्या औषधात बुडवू नये. गोचीडनाशकाच्या बाटलीवर डेल्टामेथ्रिन हेच नाव असले, तरी त्याचे मिश्रण, द्रावक व तीव्रता वेगळी असते. ते त्वचेवर व श्वासावाटे दीर्घकाळ घेण्यासाठी बनविलेले नसते. क्लोरपायरीफॉस, क्विनॉलफॉस यांसारखी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त औषधे तर मच्छरदाणीवर लावणे जिवावर बेतू शकते. आठ तास तोंडाजवळ राहणारे हे कापड आहे, त्यात तान्ही मुलेही झोपतात, हे विसरू नये. मच्छरदाणीसाठी लागणारे कीटकनाशक १९६८ च्या कीटकनाशक कायद्यान्वये त्याच कामासाठी नोंदलेले असावे लागते. खरेदी करताना लेबलवर औषधाचे नाव, प्रमाण, नोंदणी क्रमांक, बॅच क्रमांक व तारीख पाहून घ्यावी व लेबल जपून ठेवावे. शंका आल्यास त्याच्या आधारे आरोग्य अधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते.

चांगली मच्छरदाणी मासे पकडण्यास, रोपवाटिकेवर किंवा कोंबड्यांच्या खुराड्यावर वापरू नये. निकामी झालेली खाडीत फेकू नये व उघड्यावर जाळू नये.

मच्छरदाणीच्या जोडीला

मच्छरदाणी झोपेत रक्षण करते, डासांची पैदास थांबवीत नाही. अंड्यापासून डास होण्यास आपल्या हवामानात साधारणतः सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस जनावरांची पाण्याची टाकी, पिंपे व हौद पूर्ण रिकामे करून, घासून कोरडे करावेत. गच्चीवरील टाकीचे झाकण घट्ट बसवावे. वापरातील विहिरीत गप्पी मासे सोडावेत. शेणमूत वाहून नेणारी नाली तुंबू देऊ नये. याबाबत महानगरपालिकेच्या विभाग कार्यालयातील कीटकनाशक विभागाशी संपर्क साधावा.

थोडक्यात

• परिणामकारकता म्हणजे औषध, धड कापड व नियमित वापर या तिन्हींचा गुणाकार. एक शून्य झाले तर सर्व शून्य.
• औषधाची चाचणी प्रयोगशाळेत होते. भोके व वापर यांची चाचणी आपणच करावयाची.
• महिन्यातून एकदा भोके, आठवड्यातून एकदा वापर, आणि प्रत्येक धुण्याची नोंद.
• दिवसा झोपणाऱ्यांनी दिवसाही मच्छरदाणी वापरावी.
• शेतीचे किंवा जनावरांचे औषध मच्छरदाणीस लावू नये.

एवढी काळजी घेऊनही थंडी वाजून ताप आल्यास अंगावर काढू नये. त्याच दिवशी जवळच्या महानगरपालिका दवाखान्यात किंवा आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे. व्हायव्हॅक्स प्रकारच्या हिवतापात तीन दिवस क्लोरोक्विन व त्यासोबत १४ दिवस प्रायमाक्विन डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे लागते. गरोदर स्त्रिया व तान्ही मुले यांना प्रायमाक्विन देत नाहीत, म्हणून डॉक्टरांना तसे आवर्जून सांगावे. ताप उतरला म्हणून गोळ्या मध्येच सोडल्यास यकृतात दडलेले जंतू काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. शिवाय अशा रुग्णास चावलेला डास तोच रोग तबेल्यातील इतरांपर्यंत पोहोचवितो. म्हणून घरात किंवा तबेल्यात कोणी आजारी असेल, तर त्याला सर्वांत धड असलेली मच्छरदाणी द्यावी.